वकील संघाचं मासिक सूचनापत्र: तारीख चुकू नये म्हणून

तालुका किंवा जिल्हा वकील संघाचं सूचनापत्र काढणं हे काम बहुधा सहसचिवाच्या वाट्याला येतं आणि दुय्यम मानलं जातं. पण त्या कागदावर सदस्यांच्या मुदती, पक्षकारांच्या खेपा आणि साक्षीसाठी शेतातलं काम सोडून आलेल्या माणसाचा दिवस अवलंबून असतो. त्यामुळे प्रत्येक ओळ या एकाच कसोटीवर घासा: ही वाचून सदस्याला कुठे, किती वाजता, काय घेऊन जायचं ते कळलं का?

ए-४ आकाराची दोन पानं पुरेशी आहेत. तिसरं पान कोणी वाचत नाही, ते बार रूमच्या टेबलावर चहाच्या कपाखाली जातं. महिन्याच्या २० तारखेपर्यंत माहिती गोळा करा, २४ ला मजकूर बंद करा. पुढचे दोन दिवस तपासणीचे. तपासणी लिहिणाऱ्याने करू नये. दुसऱ्या माणसाने कॅलेंडर समोर ठेवून प्रत्येक तारखेचा वार जुळवावा. तारीख बरोबर आणि वार चुकीचा, ही सगळ्यात नेहमीची चूक आहे. गेल्या वर्षीचा मजकूर उचलून फक्त आकडे बदलले की ती हमखास होते. महिना संपण्याच्या दोन कामकाजाच्या दिवस आधी पत्र सदस्यांच्या हातात पडलं पाहिजे.

माहिती कुठून घ्यायची

कानावर आलेलं छापायचं नाही. सुट्ट्या, प्रभार आणि न्यायालयीन वेळेची माहिती जिल्हा न्यायालयाच्या संकेतस्थळावरच्या परिपत्रकातून किंवा कार्यालयाच्या अधीक्षकांकडून घ्या. लोकअदालत व शिबिरांची माहिती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांकडून, तालुक्याला तालुका विधी सेवा समितीकडून मिळते. सनद (वकिलीचा परवाना), परीक्षा आणि कल्याण निधीसाठी महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सूचना पाहा. प्रत्येक बातमीखाली परिपत्रकाची तारीख आणि जावक क्रमांक छोट्या अक्षरात द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या फोटोत बऱ्याचदा वरचा भाग कापलेला असतो आणि मागच्या वर्षीचं पत्र या वर्षीचं म्हणून फिरतं. क्रमांक मागितला की असं पत्र तिथेच उघडं पडतं.

न्यायाधीशांच्या बदल्यांची बातमी देताना दोन तारखा वेगळ्या ठेवा: उच्च न्यायालयाच्या आदेशाची आणि प्रत्यक्ष कार्यभार घेतल्याची. मधल्या दिवसांत त्या कोर्टाचा प्रभार कोणाकडे आहे, तातडीचे मनाई अर्ज आणि जामीन कोण ऐकणार, हेच सदस्याला हवं असतं. नुसतं "बदली झाली, अभिनंदन" लिहून त्याला काही मिळत नाही.

सुट्ट्या आणि मुदती

दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा, हे सगळ्यांना माहीत असतं. गोंधळ होतो तो स्थानिक सुट्टी आणि ऐनवेळी बदललेल्या सणाच्या सुट्टीने. बदल झाला असेल तर "रद्द झालेली तारीख" आणि "नवी तारीख" दोन्ही शेजारी छापा. उन्हाळी आणि दिवाळीच्या सुट्टीत कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कोणते न्यायाधीश तातडीचं काम पाहणार, याचा छोटा तक्ता द्या. रिमांडचं काम सुट्टीतही चालू असतं, ते कोणत्या कोर्टात आहे ते वेगळं लिहा.

याच चौकटीत मुदतीची आठवण ठेवा, कारण कनिष्ठांना ती उपयोगी पडते. मुदत कायदा, १९६३ च्या कलम ४ प्रमाणे विहित मुदतीचा शेवटचा दिवस न्यायालय बंद असताना आला, तर न्यायालय उघडेल त्या दिवशी दाखल करता येतं. पण ही सवलत विहित मुदतीला आहे, विलंब माफ करून मिळणाऱ्या वाढीव काळाला नाही. लवाद कायद्याच्या कलम ३४(३) मध्ये लवादाचा निवाडा रद्द करण्याच्या अर्जाला तीन महिन्यांनंतर जे वाढीव ३० दिवस मिळतात, ते सुट्टीत संपले तर कलम ४ मदतीला येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे २०१२ मध्येच स्पष्ट केलं आहे. "सुट्टी आहे, उघडल्यावर पाहू" म्हणणारा इथेच फसतो.

लोकअदालत

राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून साधारण चार वेळा भरते, बहुतेकदा दुसऱ्या शनिवारी. म्हणजे तो एरवीचा सुट्टीचा दिवस. म्हणून ही बातमी तारखेच्या आठवड्यात देऊन काहीही साधत नाही. पक्षकारांना नोटिसा जाईपर्यंत दिवस उलटतो, बँकेचा अधिकारी अधिकारपत्राशिवाय येतो आणि तडजोड पुढच्या खेपेवर जाते. बातमी तीनदा द्या, आणि तिन्ही वेळा वेगळी द्या.

सहा आठवडे आधी: सदस्यांनी आपापल्या फायली चाळून तडजोडीला योग्य प्रकरणांची यादी करावी. धनादेश अनादराची कलम १३८ ची प्रकरणं, मोटार अपघात नुकसानभरपाई, बँकेची वसुली, पोटगी, दिवाणी वाटप, भूसंपादनाचा मोबदला. दाखलपूर्व प्रकरणांत वीजबिल, घरपट्टी, पाणीपट्टी. जे गुन्हे कायद्याने तडजोडीस पात्र नाहीत ते लोकअदालतीत घेता येत नाहीत. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १९ मध्येच तशी अट आहे. यादीत प्रत्येक प्रकरणापुढे १६ अक्षरी सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाचा देशभर वेगळा असणारा क्रमांक) लिहायला सांगा. नुसता "स्पे. मु. क्र. अमुक" (विशेष मुकदमा क्रमांक) लिहिला की दोन कोर्टांतली सारख्याच क्रमांकाची प्रकरणं एकमेकांत मिसळतात.

तीन आठवडे आधी: पूर्वबैठका कोणत्या कोर्टात, कोणत्या तारखांना. तडजोड जुळते ती खरी इथेच. लोकअदालतीच्या दिवशी एका पॅनेलपुढे इतकी प्रकरणं असतात की आकड्यावर घासाघीस करायला वेळ उरत नाही. विमा कंपनीच्या वकिलांना मंजुरीची पत्रं वरच्या कार्यालयातून आणावी लागतात, त्यांना हे तीन आठवडेही कमी पडतात.

चार दिवस आधी: फक्त काय आणायचं ते. पक्षकार स्वतः, ओळखपत्र, बँक पासबुकाची पहिल्या पानाची प्रत. संस्था किंवा कंपनी असेल तर ठरावाची किंवा अधिकारपत्राची प्रत. अज्ञान वारस असतील तर त्यांच्या हिश्श्याच्या रकमेची ठेव कुठे ठेवायची हे आधी ठरवून यावं.

या तिसऱ्या सूचनेखाली दोन ओळी ठळक छापा. लोकअदालतीचा निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा अमलात येतो, त्याविरुद्ध अपील नाही. म्हणून हप्ते, तारखा आणि हप्ता चुकला तर काय, हे तडजोडपत्रात आकड्यांनी लिहा. आणि भरलेलं न्यायालय शुल्क परत मिळण्याची तरतूद कलम २१ मध्ये आहे, परताव्याचं काम त्याच दिवशी मार्गी लावा.

राष्ट्रीय लोकअदालत आणि स्थायी लोकअदालत एकाच ओळीत लिहू नका. स्थायी लोकअदालत लोकोपयोगी सेवांसाठी आहे. तिथे तडजोड झाली नाही तर ठराविक मर्यादेत ती निर्णयही देऊ शकते. राष्ट्रीय लोकअदालतीत तडजोड फिसकटली तर प्रकरण आपल्या कोर्टात परत येतं. पक्षकाराला हा फरक आधी सांगितला नाही तर तो घाबरून येतच नाही.

व्याख्यानं आणि कार्यशाळा

विषय नेमका लिहा. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाल्यानंतर कलमाचा नुसता आकडा धोक्याचा झाला आहे. "४८२ वर व्याख्यान" असं छापलं तर अर्धे लोक जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं गुन्हा रद्द करण्याचं कलम समजतात. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत (नासुसं) मात्र ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि रद्द करण्याचे अंगभूत अधिकार ५२८ मध्ये आहेत. म्हणून "अटकपूर्व जामीन (नासुसं कलम ४८२, जुनं ४३८)" असं पूर्ण लिहा.

न्यायाधीशांना वक्ते म्हणून बोलवायचं असेल तर प्रमुख जिल्हा न्यायाधीशांमार्फत लेखी विनंती करा आणि होकार आल्याशिवाय नाव छापू नका. तोवर "वक्ते लवकरच कळवू" एवढंच. वेळ कामकाज संपल्यानंतरची ठेवा. माईक आणि प्रोजेक्टर आदल्या दिवशी लावून पाहा. बार रूमच्या एकाच प्लगवर पंखा, प्रोजेक्टर आणि चहाची किटली लागली की नेमकं वक्ता उभा राहिल्यावर वीज जाते.

वर्षाच्या कॅलेंडरमध्ये ९ नोव्हेंबरचा विधी सेवा दिन, २६ नोव्हेंबरचा संविधान दिन आणि ३ डिसेंबरचा वकील दिन आधीच टाकून ठेवा. नोव्हेंबरचं पत्र या तिघांमुळे भरतं, त्या महिन्यात दुसरी कार्यशाळा घेऊ नका.

निकालांच्या बातम्या

चार ओळी, जास्त नाहीत: प्रकरणाचं नाव, तटस्थ उद्धरण क्रमांक (न्यायालयानेच निकालाला दिलेला क्रमांक), निकालाची तारीख, आणि निर्णयाचं सार परिच्छेद क्रमांकासह. निकाल न्यायालयाच्या संकेतस्थळावरून स्वतः उतरवून वाचा. संगणकाने लिहून दिलेला सारांश तसाच उचलला तर अस्तित्वातच नसलेला निवाडा छापला जाण्याची भीती आहे, आणि सदस्य तो कोर्टात वाचून दाखवेल. लैंगिक अत्याचारातील पीडितेचं, बालकाचं नाव, गाव, नात्यातल्या आरोपीची ओळख, यातलं काहीही छापायचं नाही. लहान तालुक्यात "अमुक गावच्या शाळेतील शिक्षक" एवढंच लिहिलं तरी मुलगी ओळखू येते.

आपल्या सदस्यांच्या पैशाशी आणि खेपांशी संबंधित निर्णयांना वरची जागा द्या. ३० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सनद नोंदणीसाठी वकील अधिनियमात ठरलेल्या शुल्कापेक्षा जास्त घेता येत नाही, म्हणजे सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये. नव्या मुलामुलींना हे कोणीतरी सांगायलाच हवं. तसंच मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचचं. ते १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या संघांनी तिथल्या बोर्डाच्या (त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीच्या) आणि कामकाजाच्या सूचनांसाठी स्वतंत्र चौकट ठेवावी. मुंबईची रात्रीची गाडी वाचलेल्या पक्षकाराला ती चौकट फार मोलाची आहे.

सदस्यांच्या बातम्या

कोणी न्यायाधीश झालं, नोटरी म्हणून नेमणूक झाली, परीक्षा उत्तीर्ण झालं, तर आनंदाने छापा. पण बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ ची रेषा लक्षात ठेवा: वकिलाने स्वतःची जाहिरात करायची नाही. "गाजलेल्या खटल्यात अमुक वकिलांनी निर्दोष सुटका मिळवली" असा मजकूर, त्यावर फोटो आणि खाली कार्यालयाचा पत्ता, ही जाहिरात ठरते. तक्रार झाली तर अडचणीत सदस्य येतो, सचिव नव्हे. प्रायोजकांच्या जाहिराती घेणंही टाळाच.

निधनाची बातमी कुटुंबातल्या व्यक्तीशी बोलल्याशिवाय देऊ नका. शोकसभा किती वाजता आणि कोणत्या कोर्टात, एवढं द्या. त्याच अंकात महाराष्ट्र वकील कल्याण निधी अधिनियम, १९८१ खालच्या सभासदत्वाची आणि वारस नोंदीची आठवण शांत शब्दांत करा. नामनिर्देशन जुनं राहिल्याने घरच्यांना कागद जमवत फिरावं लागतं.

सभा, निवडणूक आणि कामकाजापासून अलिप्तता

सर्वसाधारण सभेची नोटीस किती दिवसांची, हे संघाच्या घटनेत पाहा. "पूर्ण १४ दिवस" असेल तर नोटिशीचा दिवस आणि सभेचा दिवस दोन्ही वगळा. सभा ३१ जानेवारीला असेल तर नोटीस १६ जानेवारीपर्यंत निघालीच पाहिजे. १७ ला काढली तर १३ च दिवस भरतात आणि हरलेला उमेदवार तिथेच बोट ठेवतो. संघ सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेला असेल तर नवी कार्यकारिणी आल्यावर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट (बदलाची नोंद करण्याचा अर्ज) द्यावा लागतो. ही तारीख सूचनापत्राच्या कॅलेंडरमध्ये निवडणुकीच्या दिवशीच नोंदवा.

कामकाजापासून अलिप्त राहण्याचा ठराव आला तर सावध राहा. हरीश उप्पल प्रकरणात घटनापीठाने १७ डिसेंबर २००२ ला वकिलांना संपाचा हक्क नाही असं ठरवलं. अगदी अपवादात्मक परिस्थितीत एका दिवसापुरती अलिप्तता, तीही मुख्य न्यायमूर्ती किंवा जिल्हा न्यायाधीशांशी आधी बोलून, एवढीच फट ठेवली आहे. सूचनापत्रात "कोणीही कोर्टात जाऊ नये" अशी ताकीद छापू नका. ज्याच्या अशिलाचा जामीन त्या दिवशी आहे त्याने काय करायचं?

छपाई आणि दुरुस्ती

मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमधली फाइल मोबाइलवर उघडली की सगळ्या काना-मात्रा विस्कटतात आणि "न्या. रजेवर" च्या जागी भलतीच अक्षरं दिसतात. पीडीएफ आणि साधा मजकूर दोन्ही पाठवा, कारण ज्येष्ठांना मजकूर मोठा करून वाचायचा असतो. फलकावरच्या प्रतीत अक्षर किमान १४ चं ठेवा. गटात फक्त पदाधिकारी लिहू शकतील अशी सोय असेल तर सूचना शुभेच्छांखाली गाडली जात नाही.

चूक झाली तर जुना संदेश पुसून टाकू नका. ज्यांनी तो वाचला त्यांना पुसल्याचं कळत नाही. "दुरुस्ती, सूचना क्र. ७: लोकअदालतीची वेळ सकाळी १०.३० वाचावी, ११.०० नव्हे" असं नवं पाठवा, फलकावर लाल शाईने लावा, आणि त्या दिवशी ज्यांचं बोर्डावर काम आहे त्यांना फोन करा.