बॅकलॉगमधलं आधी काय उचलायचं?

बॅकलॉगमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये करायच्या कामांच्या यादीत, दीडशे मागण्या साचल्या असतील तर सगळ्यांना गुण देत बसू नका. आधी या तिमाहीचं एकच उद्दिष्ट आकड्यात लिहा. उदाहरणार्थ, 'नोंदणीनंतर पहिल्या आठवड्यात परत येणारे 30 टक्क्यांवरून 36 टक्क्यांवर न्यायचे.' ज्या मागण्यांचा त्याच्याशी संबंध नाही त्या बाजूला काढा. कायद्याने बंधनकारक कामं आणि सुरक्षेतल्या त्रुटी या हिशेबात आणूच नका. ती करावीच लागतात.

उरलेल्या दहा-पंधरांना 'राइस' लावा. इंटरकॉम या सॉफ्टवेअर कंपनीत तयार झालेली ही पद्धत सोपी आहे: रीच गुणिले इम्पॅक्ट गुणिले कॉन्फिडन्स, भागिले एफर्ट. रीच म्हणजे तिमाहीत किती जणांना फरक पडेल. इम्पॅक्ट म्हणजे प्रत्येकाला किती मोठा फरक पडेल: सगळ्यात मोठ्याला 3, मग 2, 1, 0.5 किंवा 0.25. कॉन्फिडन्स म्हणजे या अंदाजांची खात्री: 100, 80 किंवा 50 टक्के. एफर्ट म्हणजे एका माणसाचे किती महिने, आणि त्यात डिझाइन व टेस्टिंगही धरायचं. नेमकं तेच राहून जातं आणि मग प्रत्येक काम स्वस्त वाटतं.

आता तीन कामं बघा.

पहिलं, नोंदणीचा फॉर्म लहान करणं: 4000 × 1 × 0.8 ÷ 4 = 800.
दुसरं, एकगठ्ठा एक्सपोर्ट (बराच डेटा एकदम बाहेर काढण्याची सोय): 300 × 3 × 1 ÷ 1 = 900.
तिसरं, नवा होम स्क्रीन: 9000 × 2 × 0.5 ÷ 6 = 1500.

होम स्क्रीन जिंकला असं वाटतं. पण त्याचा इम्पॅक्ट 2 ऐवजी 1 धरा: गुण 750, म्हणजे थेट शेवटचा नंबर. त्या 2 ला आधार काय? 50 टक्के कॉन्फिडन्स म्हणजे बहुतेकदा अंदाजपंचेच. अशा वेळी सहा महिन्यांचं काम मंजूर करू नका. आठवडाभरात क्लिक करता येईल असा कच्चा नमुना पाच-सहा वापरकर्त्यांपुढे ठेवा, मग पुन्हा गुण द्या. 800 आणि 900 मधल्या फरकावर मात्र वाद घालू नये, अंदाजच तितके ढोबळ असतात.

गुण देताना डिझायनर, इंजिनिअर आणि सपोर्टचा माणूस यांनी एकमेकांचे आकडे न बघता आपापले लिहावेत. एकाने 3 आणि दुसऱ्याने 0.5 लिहिलं असेल तर मीटिंगचा वेळ तिथेच घाला. कोणाला तरी काहीतरी ठाऊक असतं जे बाकीच्यांना नसतं. बेरीज-गुणाकारापेक्षा या पद्धतीचा खरा उपयोग इथे होतो.

निर्णय मागे घेता येण्याजोगा आहे का, हेही पाहा. बटणाची जागा, मजकूर किंवा थोड्या लोकांपुरतं सुरू केलेलं फीचर यांचा निकाल त्याच दिवशी लावा. डेटाची रचना, किंमत, बाहेरच्यांना उघडलेला एपीआय (त्यांचं सॉफ्टवेअर तुमच्याशी जोडायचा मार्ग) यांना वेळ द्या. ते बदलायचं तर ग्राहकांचंही काम मोडतं.

सेल्सकडून 'हे नसेल तर डील जाईल' असं आलं की एवढंच विचारा: यासाठी रोडमॅपमधलं, म्हणजे आधीच ठरलेलं, कोणतं काम मागे ढकलायचं? उत्तर लेखी घ्या.

शेवटी प्रत्येक मोठ्या निर्णयाची टीप लिहा: काय ठरलं, कोणते पर्याय सोडले, कशाच्या आधारावर, कोणी ठरवलं आणि फेरतपासणी कधी. सोबत माघारीचा आकडाही आधीच टाका, जसं 'आठ आठवड्यांनी 32 टक्क्यांच्या खाली असेल तर फीचर बंद.' रिलीजनंतर हा आकडा ठरवायला बसलात तर तो हमखास खाली सरकतो.