घोड्यावरून धबधब्याला : माथेरानच्या एका दिवसाच्या सहलीत या चुका टाळा

जून सरत आला की आमच्या ठाण्याच्या सोसायटीत हमखास बेत शिजतो. "रविवारी माथेरानला जाऊ, घोड्यावरून जंगलातून धबधबा बघू आणि रात्री जेवायला घरी." बेत खरोखरच छान आहे. कर्जत किंवा खोपोली लोकलने नेरळ, तिथून टॅक्सीने घाट चढून दस्तुरी नाका आणि पुढे मोटारींना बंदी असलेलं, लाल मातीचं, गच्च झाडीचं पठार. ठाणेकरांचं या डोंगराशी नातंही जुनं आहे. १८५० साली माथेरान इंग्रजांच्या नजरेत आणलं ते ह्यू मॅलेट यांनी, आणि ते तेव्हा ठाण्याचेच कलेक्टर होते.

मी घोड्यावर बसायला शिकले त्याला आता बारा वर्षं झाली. दर पावसाळ्यात ओळखीची तीन-चार कुटुंबं माझ्याबरोबर वर येतात. माणसं बदलतात, चुका मात्र त्याच असतात, आणि त्यातल्या बहुतेक चुका रिकिबीत, म्हणजे खोगिराला लटकणाऱ्या पायकडीत, पाय ठेवायच्या आधीच झालेल्या असतात. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

घोडा थेट धबधब्याखाली नेतो ही समजूत

नेत नाही, आणि नेऊही नये. घोडा जातो तो रुळलेल्या वाटेने. बाजारपेठ, पिसारनाथाचं देऊळ, शार्लोट तलाव, एको पॉइंट, लॉर्ड पॉइंट, लुईझा पॉइंट, अशा वाटांवर. पावसाळ्यात तलाव भरून वाहू लागला की त्याच्या बांधापाशी पाणी कोसळताना दिसतं, आणि कड्याच्या पॉइंटांवरून समोरच्या डोंगरांवर पांढऱ्या धारा लोंबताना दिसतात. पण शेवटचा टप्पा चालायचाच असतो. "दादा, अजून थोडं पुढे घ्या ना" असा आग्रह करून घोडा निसरड्या कातळावर उतरवायला लावणारी माणसं मी पाहिली आहेत. घोड्याच्या पायाला लोखंडी नाल असते. ओल्या कातळावर लोखंड कसं घसरतं हे वेगळं सांगायला नको. घोडेवाला नाही म्हणाला तर तो कामचुकारपणा करत नसतो, तुमचा जीव सांभाळत असतो.

शार्लोट तलाव हा माथेरानच्या पिण्याच्या पाण्याचा तलाव आहे, हेही लक्षात असू द्या. तिथे पोहायला उतरायचं नाही, बांधावर बसून साबण-शाम्पू तर अजिबात नाही.

भाव आधी ठरवला, घोडा बघितलाच नाही

दस्तुरीला उतरलं की घोडेवाले गराडा घालतात. पाऊस पडत असतो, मुलं कुरकुरत असतात, आणि आपण घाईघाईने "किती घेणार?" एवढंच विचारतो. दरपत्रक बघा, कोणकोणते पॉइंट, किती वेळ, परत कुठे सोडणार हे आधी बोलून घ्या, हे सगळं खरंच. दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्थानकाहून गावात जाणारी शटल गाडी (छोटी रेल्वे) आणि ई-रिक्षा आहेत की नाहीत, हेही स्वतः जाऊन बघा. पण त्याच्याही आधी दोन मिनिटं घोड्यापाशी उभं राहा.

घोड्याच्या डाव्या खांद्याकडून जा, त्याच्याशी बोलत जा. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. दिसत नाही ते अगदी कपाळासमोरचं आणि नेमकं शेपटीमागचं. म्हणून मागून जाऊन पाठीवर थाप मारणं ही सगळ्यात धोक्याची चूक आहे. तो दुगाण्या झाडतो त्या रागाने नाही, दचकून. कान बघा. पुढे-मागे हलते कान म्हणजे घोडा सावध पण शांत आहे. दोन्ही कान मागे चिकटवून ठेवलेला घोडा लहान मुलासाठी घेऊ नका.

मग खोगिराची पुढची कड किंचित उचलून दाखवायला सांगा. मानेच्या मुळाशी, जिथे खोगीर टेकतं, तिथे सोलवटलेली कातडी किंवा ओली जखम असेल तर तो घोडा नको. चार पावलं चालवून घ्या. दर पावलाला मान वरखाली झटकत असेल तर तो लंगडतो आहे. घोडा नाकारताना त्याच्या मालकाशी मोठ्याने वाद घालू नका. "दादा, याला आज विश्रांती द्या, दुसरा मिळेल का?" एवढं पुरतं. चांगला घोडेवाला हे ऐकून खूश होतो, कारण जनावर पाहणारं गिऱ्हाईक त्याला क्वचितच भेटतं. घोड्याच्या परवान्याचा नंबर आणि घोडेवाल्याचा मोबाइल नंबर तिथल्या तिथे टिपून ठेवा.

आणि वजनाचं बोलायला लाजू नका. घोड्याच्या पाठीवर खोगिरासकट त्याच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्याहून जास्त भार नसावा, असा घोडेस्वारीतला सर्वसाधारण नियम आहे. घोडा ३०० किलोचा असेल तर भार झाला ६० किलो. म्हणजे ९० किलोच्या माणसाने मोठ्या चणीचा घोडा मागावा, नाही मिळाला तर चालत जावं. बाबांनी पुढ्यात मुलाला घेऊन एकाच घोड्यावर बसणं हे फोटोत गोड दिसतं, पण घोडा अडखळला की मूल बाबांच्या वजनाखाली येतं. मूल एकटं बसण्याइतकं मोठं नसेल तर त्याच्यासाठी शटल गाडी आहे.

छत्री, पोंचो आणि सँडल

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्याबरोबर आलेले एक काका घोड्यावर बसले, पावसाची सर आली आणि त्यांनी पिशवीतून बटणाची छत्री काढून फट्‌कन उघडली. घोड्याला त्याच्या डोक्यामागे अचानक एक काळं पाखरू पंख पसरून उठलेलं दिसलं असणार. तो आडवा उडाला. काका एका बाजूला लोंबकळले, डावा पाय रिकिबीत अडकलेला, छत्री अजून हातात. घोडेवाले मामा लगामाला लटकले आणि पहिलं वाक्य बोलले ते असं : "काका, आधी ती छत्री टाका, मग काय ते ओरडा." छत्री पडली, ती लांब गडगडत गेली आणि घोडा थरथरत का होईना, जागेवर थांबला. काकांचा घोटा सुजला, एवढ्यावर निभावलं.

तेव्हापासून माझ्याबरोबर येणाऱ्यांना छत्रीबंदी. वाऱ्यावर फडफडणारा प्लॅस्टिकचा पोंचोही तितकाच वाईट. अंगासरशी बसणारा, पुढून चेन असलेला रेनकोट आणि पँट असा जोड घ्या, आणि तो जमिनीवर उभं असतानाच चढवा. खोगिरावर बसून रेनकोटच्या बाहीत हात घालणं म्हणजे एका क्षणाला दोन्ही हात बांधून घेणं. प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगा नकोतच. त्यांच्या चुरचुरीने घोडा बुजतो आणि खाऊ दिसला की माकडं झेपावतात.

पायात काय घालायचं यात लोक दोन्ही टोकांना चुकतात. सँडल-चपलेतला पाय रिकिबीतून आरपार जातो, आणि पडलात तर घोडा तुम्हाला फरफटत नेतो. उलट ट्रेकिंगचे जाड, रुंद, खाचाखाचांच्या तळव्याचे बूट रिकिबीत अडकून बसतात. माझा स्वतःचा पाय एकदा असा अडकला होता, घोडा उभा होता म्हणून बरं. बंद, अरुंद, तळ फार खरबरीत नसलेला आणि थोडीशी टाच असलेला बूट सगळ्यात चांगला. हेल्मेट मागून घ्या. नाही मिळालं तर घरातलं सायकलचं हेल्मेट बरोबर न्या. ते घोडेस्वारीसाठी बनवलेलं नसतं, मागची बाजू कमी झाकतं, पण उघड्या डोक्यापेक्षा कितीतरी बरं.

पँट जाड आणि मांडीच्या आतल्या बाजूला टोचरी शिवण नसलेली हवी. ओली जीन्स तीन तासांत कातडी सोलते.

वर बसल्यावर

बसायचं डावीकडून. आयाळ आणि खोगीर धरून हलकेच बसा, पोत्यासारखं आदळू नका, त्याच्या पाठीचा कणा तुमच्याखाली आहे. रिकिबीत फक्त चवड्याचा भाग, टाच किंचित खाली. रिकिबीची लांबी जमिनीवरच मापता येते : बोटं खोगिराच्या कडीला लावून हात ताठ केला की रिकीब काखेपर्यंत यावी. लहान मुलांच्या रिकिबी न आखडताच पुष्कळदा त्यांना बसवून देतात आणि त्यांचे पाय लोंबत राहतात. तसं दिसलं तर घोडा हलू देऊ नका.

दहा मिनिटं चालल्यावर थांबवून तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, पुन्हा आवळून घ्यायला सांगा. खोगीर बांधताना घोडे पोट फुगवतात आणि मग सोडतात, त्यामुळे सुरुवातीला घट्ट वाटलेला पट्टा सैल पडतो. वाटेत खोगीर एका बाजूला कलतंय असं वाटलं तर सावरायच्या नादात उलट्या बाजूला झोकून देऊ नका. "थांबा" म्हणून हाक मारा, दोन्ही पाय रिकिबीतून सोडवा, आयाळ धरा आणि घोडा थांबला की उतरा.

घोडा अडला तर टाचा मारत सुटू नका. त्याने आधी काहीतरी पाहिलेलं असतं, पुढे उडणारी ताडपत्री, कुत्रा, पाण्याने पोखरलेला दगड. घोडेवाल्याला पुढे होऊन पाहू द्या. मध्येच मान खाली घालून चरायला लागला तर लगाम एका झटक्यात हिसकू नका, लगाम जवळ घेऊन त्याला चालतं ठेवा.

आणि घोडा पळू लागला तर? आपली पहिली प्रतिक्रिया असते किंचाळायची, पुढे वाकायची आणि पायांनी त्याचं पोट आवळून धरायची. यातल्या पुढे वाकण्याचा आणि पोट आवळण्याचा घोड्याच्या भाषेतला अर्थ 'अजून जोरात' असा आहे. उलट मागे टेकून सरळ बसा, टाचा खाली, एका हाताने आयाळ किंवा खोगीर पकडा आणि दुसऱ्या हाताने एकच लगाम हळूहळू आपल्या गुडघ्याकडे ओढा. मान वळली की घोड्याला गोल फिरावं लागतं आणि वेग उतरतो. अरुंद वाटेवर, दरीच्या कडेला असाल तर मान वळवू नका, दोन्ही लगाम सारखे ओढत-सोडत राहा. उडी मारू नका.

"ताई, पळवून दाखवू का?" या प्रश्नाला पावसाळ्यात एकच उत्तर, नको.

चढावर किंचित पुढे झुका, उतारावर किंचित मागे. माथेरानची लाल माती पावसात लोण्यासारखी होते आणि काही ठिकाणी बसवलेले ब्लॉक नालांना धरत नाहीत. उतार फारच ओला वाटला तर मी सरळ उतरते आणि घोड्याच्या शेजारून चालते. त्यात कमीपणा कसला?

गरोदर बाई, मणक्याचा त्रास असलेली माणसं, नुकतंच ऑपरेशन झालेली किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असलेली माणसं, यांनी घोड्यावर बसूच नये. हे मी दरवेळी आधी विचारते आणि दरवेळी कुणीतरी वाईट वाटून घेतं.

पाण्याजवळ

३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. ती माणसं काही मिनिटांपूर्वी आपल्यासारखीच पाण्यात उभी होती. डोंगरावर आपल्याला न दिसणाऱ्या ठिकाणी पाऊस कोसळतो आणि ते पाणी आपल्यापाशी नंतर पोचतं. म्हणून तुमच्या डोक्यावरचा पाऊस थांबला म्हणून धोका टळला असं होत नाही. स्वच्छ पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पानं वाहत आली, आवाज जड झाला, तर डबा, चप्पल, फोन काही न गोळा करता मुलांना घेऊन वर सरका. गुडघाभर वेगवान पाणीसुद्धा माणसाला उभं राहू देत नाही. आणि धारेच्या अगदी खाली उभं राहू नका, तिच्याबरोबर दगडही येतात.

पाण्याच्या ठिकाणांवर दर पावसाळ्यात प्रशासनाचे मनाई आदेश निघतात. निघण्याच्या आदल्या दिवशी ते तपासा. नवी मुंबईकरांना खारघरचा पांडवकडा धबधबा घरामागेच वाटतो, पण तिथे जीव गेल्यामुळेच बंदी घालावी लागली. "मागच्या वर्षी आम्ही गेलो होतो" हा परवाना होत नाही.

घोडे पाण्यापासून लांब, सावलीत उभे करायला सांगा, आणि त्यांच्या मागून जा-ये करू नका.

परतीची वेळ

ही चूक सगळ्यात साधी आणि सगळ्यात जास्त होणारी. ठाण्याहून नऊची लोकल पकडली तर दस्तुरीला साडेअकरा वाजतात, घोडे ठरवून निघेपर्यंत बारा. मग सगळा दिवस पळापळ, आणि ती घाई शेवटी घोड्याच्या पाठीवर निघते. सहाच्या आसपासची गाडी पकडा. वाशी-नेरूळकडच्यांनी ट्रान्स-हार्बरने ठाण्याला येऊन गाडी बदलावी, आणि घाईत कसाऱ्याच्या गाडीत चढू नये, ती कल्याणनंतर दुसरीकडे जाते. रविवारी मेगाब्लॉक आहे का ते आधी पाहा. पावसाळ्यात नेरळहून वर येणारी छोटी गाडी बंद असते, चालते ती अमन लॉज ते माथेरान शटल, तेव्हा मुलांना नेरळपासून झुकझुक गाडीचं आश्वासन देऊ नका. दुपारी तीनला घोड्यांची तोंडं दस्तुरीकडे वळलेली हवीत. दाट झाडीत आणि धुक्यात पाच वाजताच अंधारून येतं.

वाटेत खरचटलं तर जखम लगेच साबणाने धुवा. घोड्याची लीद पडलेल्या मातीत धनुर्वाताचे जंतू असतात, त्यामुळे धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं हे आठवून त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. डोक्याला मार लागला असेल तर "काही नाही झालं" म्हणून घाट उतरू नका, गावात नगरपरिषदेचं रुग्णालय आहे, तिथे आधी दाखवा.

दस्तुरीला उतरल्यावर पैसे देऊन लगेच टॅक्सीकडे धावू नका. खोगीर काढताना दोन मिनिटं थांबा, खोगिराखालच्या ओल्या पाठीतून वाफ निघत असते. मुलांना त्याला काहीतरी खायला द्यायचं असतं. आधी घोडेवाल्याला विचारा, आणि गाजराचा तुकडा बोटांत धरून नाही, तर सपाट उघड्या तळहातावर ठेवा. त्याचे ओठ तो इतक्या अलगद उचलतात की माझी भाची दरवेळी आणखी एक गाजर मागते.