पिच स्पर्धा अमेरिकेत, लेखक पुण्यात: वेळ अशी साधा

इंग्रजी कादंबरीसाठी एजंट, म्हणजे प्रकाशकाला पुस्तक विकून देणारा मध्यस्थ, शोधताना सोशल मीडियावरच्या पिच स्पर्धा खरंच कामाच्या आहेत. ठरलेल्या दिवशी लेखक आपल्या कादंबरीची दोन-चार ओळींची ओळख, म्हणजे पिच, हॅशटॅग लावून पोस्ट करतात आणि एजंट आवडलेल्या पोस्टला लाइक करतात. अडचण वेळेची. त्या बहुतेक अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या घड्याळावर चालतात. तिथले सकाळचे आठ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेपाच, हिवाळ्यात साडेसहा. तिथल्या दिवसभरात स्पर्धा ऐन रंगात येते, तेव्हा आपण झोपलेलो असतो.

१. पिच आधीच लिहा आणि पोस्ट शेड्यूल करून ठेवा. किती पोस्ट चालतात, कोणते हॅशटॅग लागतात, हे त्या त्या वेळचे नियम वाचून ठरवा. पिटमॅडसारखी गाजलेली स्पर्धाही २०२२मध्ये बंद झाली, तेव्हा जुन्या याद्यांवर विसंबू नका.

२. पिचमध्ये विषय सांगू नका, पेच सांगा. ‘पानशेतच्या पुरावरची कादंबरी’ यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी: ‘१२ जुलै १९६१. नारायण पेठेतल्या वाड्यात पाणी चढतंय. सोळा वर्षांच्या मुलीला एकच वाचवता येईल: आजी, किंवा तिच्या जन्माचं गुपित असलेली आजीची ट्रंक.’ असं इंग्रजीत, हॅशटॅगसकट पोस्टच्या अक्षरमर्यादेत (एक्सवर, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर, २८०) बसवा.

३. मित्रमंडळींना लाइक करू नका म्हणून बजावा. लाइक म्हणजे एजंटचं ‘पाठवा’. मित्रांनी फक्त रीपोस्ट करावं.

कादंबरी पूर्ण झाली असेल तरच उतरा, कारण लाइकनंतर हस्तलिखित मागतात.

आणि लाइक आलं की आधी एजन्सीची वेबसाइट तपासा. वाचनाची फी मागणाऱ्याला सरळ नकार द्या. खरा एजंट पुस्तक विकल्यावर कमिशन घेतो, साधारण १५ टक्के.