५९०००१ चे अवयव पाडताय? या चुका टाळा

बेळगावचा ५९०००१ हा पिन कोड सीमाभागातल्या मराठी घरांत सगळ्यांना पाठ असतो. सरावाला ही संख्या फार चांगली. ५९०००१ = ३ × १९३ × १०१९. अवयव तीनच, पण तिथवर पोचण्याआधीच हिशेब चुकतो.

अंकांची बेरीज १५. म्हणून ३ ने भाग जातो, ९ ने जात नाही. भागाकार १९६६६७. इथून पुढे ७, ११, १३ असं करत ९७ पर्यंत जायचं आणि एकानेही भाग गेला नाही की ‘मूळ संख्या’ लिहून मोकळं व्हायचं, ही सर्रास होणारी चूक. शंभराच्या आतल्या मूळ संख्या तपासून खात्री मिळते ती १०२०१ पेक्षा लहान संख्येचीच. कुठे थांबायचं ते वर्गमूळ ठरवतं. ४४३ चा वर्ग १,९६,२४९ आणि ४४४ चा १,९७,१३६, म्हणजे गरज पडली तर ४४३ पर्यंत जायची तयारी हवी.

कॅल्क्युलेटरवर आणखी एक फसगत होते. १९६६६७ ÷ १०७ केलं की १८३८.००९ दिसतं. दशांश सोडून देऊन १०७ हा अवयव धरू नका. उलटा गुणाकार करा. १०७ × १८३८ = १९६६६६, बाकी १.

१९३ ला मात्र भाग जातो: १९३ × १००० = १९३०००, उरलेले ३६६७ म्हणजे १९३ × १९. भागाकार १०१९. आता पुन्हा ४४३ पर्यंत रखडायचं कारण नाही. १०१९ चं वर्गमूळ ३२ च्या आत आहे, आणि ३१ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या आधीच तपासून झाल्या आहेत. १०१९ मूळच.

विभाजक मोजताना घातांक विसरू नका. ५९०००१ चे विभाजक २ × २ × २ = ८. निपाणीचा ५९१२३७ घ्या: ३² × १७९ × ३६७. इथे दोन ३ वेगवेगळे धरले तर १६ येतात, ते चूक. घातांकात १ मिळवून गुणा: ३ × २ × २ = १२.

५९०००१ च्या विभाजकांची बेरीज ७,९१,५२० येते, पण म्हणून संख्या विपुल (स्वतः सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज संख्येपेक्षा मोठी) ठरत नाही. आधी संख्या स्वतः वजा करा, उरतात २,०१,५१९.

हुशार मुलंही अडखळतात ती जागा वेगळी. ५९०००१ ला ४ ने भागल्यावर बाकी १, म्हणून ती दोन वर्गांची बेरीज असणार, असं ती धरून चालतात. हा नियम मूळ संख्येचा आहे, कुठल्याही संख्येचा नाही. वर्गाला ३ ने भागलं की बाकी ० किंवा १ च येते. त्यामुळे दोन वर्गांच्या बेरजेला ३ ने भाग जायचा तर दोन्ही वर्गांना ३ ने, म्हणून ९ नेही, भाग जायला हवा. मग बेरजेलाही ९ ने गेला पाहिजे. ५९०००१ ला तो जात नाही. निपाणीच्या संख्येत ३ चा घातांक सम आहे, तरीही १७९ आडवा येतो: ४ ने भागल्यावर त्याची बाकी ३ आणि घातांक १, आणि ३ सारख्याच अशा प्रत्येक मूळ अवयवाचा घातांक सम लागतो.