लिमिटर उजव्या पायाचा, डाव्या हाताचं काय?

हिंगणा रोडवरच्या आमच्या मिस्त्रीनं इंजिनचं हेड उतरवलं आणि तिसऱ्या सिलिंडरचे दोन एक्झॉस्ट व्हॉल्व्ह माझ्या तळहातावर ठेवले. नुसत्या डोळ्यांना सरळच वाटत होते. काचेवर घरंगळवले तेव्हा त्यांची डोकी डुगडुगली. "लिमिटर असून असं काहून झालं?" मी विचारलं. तो म्हणाला, "भाऊ, तुम्ही गाडी पायानं नाही मारली, हातानं मारली."

रेव्ह लिमिटर काय करतो? क्रँकचा (इंजिनच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याचा) सेन्सर वेग सांगतो आणि ठरलेला आकडा आला की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पेट्रोल सोडणारे इंजेक्टर बंद करतो. काही गाड्यांत स्पार्क तोडतात. पेट्रोल नाही तर ताकद नाही, काटा खाली येतो, पुन्हा पेट्रोल सुरू. तो 'ब्रॅप-ब्रॅप' आवाज यातूनच येतो. पण चुकून खालचा गिअर पडला तर इंजिनला चाकं फिरवतात. तिथं ईसीयूनं पेट्रोल तोडून काय उपयोग? दीड टनाची गाडी क्रँकला ओढत असते.

माझी गाडी जुनी, पाच गिअरची टर्बो पेट्रोल सेडान. लिमिटर ६८०० आरपीएमवर, म्हणजे इंजिनचे मिनिटाला ६८०० फेरे. शिवमडक्याहून समृद्धीला लागलो, ट्रकला ओव्हरटेक करताना तिसऱ्यात ११८ होते. समृद्धीवर कारला १२० ची मुभा आहे, त्यामुळे वेगाबद्दल बोलू नका. चौथा टाकायचा होता, पडला दुसरा. क्लच सोडताच इंजिन किंचाळलं आणि मागून कुणी ओढल्यासारखी गाडी दबली.

आता तुमच्या गाडीचा तक्ता करा, अर्ध्या तासाचं काम आहे. सपाट, मोकळा रस्ता पाहा आणि शेजारी लिहिणारा बसवा. दुसऱ्या गिअरमध्ये बरोबर ४० चा वेग धरा, आरपीएम लिहा. मग त्याच वेगाला तिसरा, मग चौथा. माझे आकडे २८५०, १८५० आणि १४००. आता लिमिटरच्या आकड्याला दुसऱ्या गिअरच्या आकड्यानं भागा आणि ४० नं गुणा: ६८०० भागिले २८५० गुणिले ४०, म्हणजे सुमारे ९५. याच्या वर माझ्या गाडीला दुसरा गिअर हरामच. तिसऱ्याची हद्द १४७. स्पीडोमीटर थोडा जास्त दाखवतो, पण तक्ताही त्याच काट्यावर केलाय, म्हणून चालतं. त्या दिवशीच्या ११८ ला दुसऱ्यात किती होतात, काढून पाहा. ८४०० च्या वर.

पिस्टन-रॉडवरचा ओढा आरपीएमच्या वर्गानं वाढतो, म्हणजे ६८०० च्या तुलनेत दीडपट. व्हॉल्व्ह ६८०० ला सेकंदाला ५७ वेळा उघडतो, ८४०० ला ७०. स्प्रिंगला तो वेळेत बंद करता आला नाही की वर येणारा पिस्टन त्याला ठोकतो.

चूक हातात असते. आपण उजवीकडे बसतो, लिव्हर डाव्या हाताला. पहिला-दुसरा आपल्यापासून लांबच्या गल्लीत, तिसरा-चौथा मधल्या आणि पाचवा आपल्याजवळ. लिव्हर मुठीत आवळून खेचली की हात नकळत लांबच्या गल्लीकडे ढकलतो आणि चौथ्याऐवजी दुसरा पडतो. म्हणून तिसऱ्यातून चौथ्यात जाताना मूठ उघडा. दोन बोटं नॉबच्या पुढच्या बाजूला टेकवा आणि सरळ मागे आणा. मधली गल्ली लिव्हरची स्प्रिंग शोधते, तुम्ही शोधू नका. पाचव्यातून चौथ्यात येताना आधी लिव्हर न्यूट्रलला सोडा, ती आपसूक मध्ये येते, मग मागे. घरी इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून शंभरदा करा. पोरं हसतील, हसू द्या.

दुसरं, इंजिन माउंट पाहा. रबर मेलेलं असेल तर जोर लागला की इंजिन डोलतं आणि गल्ल्या सरकल्यासारख्या वाटतात. लिव्हरचे बुश झिजले असतील तर तेही बदला. व्हॉल्व्हच्या बिलापुढे तो खर्च चिल्लर आहे. डीएसजीवाल्यांनी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवाल्यांनी) हे सगळं सोडून दिलं तरी चालेल, त्यांचा गिअरबॉक्स झेपणार नाही असा खालचा गिअर घेतच नाही. आणि रिमॅपवाला (ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलून देणारा) लिमिट वाढवून देतो म्हणाला, तर व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कुठल्या टाकणार, ते आधी विचारा. कंपनीच्याच राहणार असतील तर तिथूनच परत फिरा.

चुकलंच तर सर्वांत आधी क्लच दाबा. ब्रेक नंतर. गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, आणि "पाहू चालू होते का" म्हणून पुन्हा सेल मारू नका. वाकलेला व्हॉल्व्ह तुटून आत पडला तर पिस्टनही गेला. क्रेन बोलवा. गॅरेजमध्ये आधी कम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजायला लावा, हेड लगेच उघडू देऊ नका. माझे आकडे निघाले १७०, १६५, ६०, १६५ पीएसआय. मिस्त्रीनं तिसऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजलं. पिस्टनच्या रिंगा गेल्या असत्या तर आकडा चढला असता. काटा ६० लाच थांबला, तेव्हा त्यानं पाना हातात घेतला.