मोबाइलवर इंग्रजी लेखन शिकवताय? या चुका टाळा

वहीत दर ओळीला लाल गोल आणि त्याच मुलाने मोबाइलवर लिहिलेला उतारा मात्र निर्दोष! अशा वेळी शाबासकी देण्याआधी कीबोर्ड बघा. 'रिसीव्ह'चं स्पेलिंग मुलाने चुकवलं, ऑटो-करेक्टने गुपचूप सुधारलं, आपण चुकलो हे त्याला कळलंच नाही. पहिला मसुदा लिहिताना जीबोर्डच्या (गूगलच्या कीबोर्ड ॲपच्या) सेटिंग्जमधून ऑटो-करेक्शन आणि वरची सूचनांची पट्टी, दोन्ही बंद करा. लिहून झालं की गूगल डॉक्समधल्या लाल रेघा दाखवा, पण शब्द मुलालाच सुधारू द्या. शिवाय रेघ नाही म्हणजे सगळं बरोबर, असंही नाही. 'फ्रॉम'च्या जागी 'फॉर्म' पडलेलं बऱ्याचदा निसटतं.

दुसरी चूक आपली, शिक्षकांची. डॉक्सच्या 'सजेस्टिंग' मोडमध्ये, म्हणजे दुरुस्त्या सूचना म्हणून दिसतात तिथे, आपण तीस दुरुस्त्या करतो आणि मूल न वाचता सगळ्या स्वीकारून मोकळं होतं. त्यापेक्षा एका वेळी एकच गोष्ट धरा. मराठीत 'अ', 'ॲन', 'द' नाहीत, त्यामुळे ती हमखास गळतात. तिथे "इथे एक छोटा शब्द राहिलाय" एवढीच कॉमेंट टाका.

भाषांतराच्या ॲपवर बंदी घालू नका, ते उशिरा उघडा. 'माझं डोकं दुखतंय'चं 'माय हेड इज पेनिंग' मुलाने आधी स्वतः लिहावं, मग शेजारी 'आय हॅव अ हेडेक' ठेवावं. फरक त्यालाच शोधू द्या.

सगळ्यात महागात पडते ती 'हे एआयने लिहिलंय' सांगणाऱ्या ॲपवर विसंबण्याची चूक. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधनं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेले टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे ९१ निबंध त्यांना दिले, तर सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राने लिहिलेले ठरले! साधे, मोजके शब्द वापरणारी आपली मुलं नेमकी याच जाळ्यात सापडतात. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचं असं साधनसुद्धा अचूकता कमी म्हणून त्याच वर्षी जुलैत बंद केलं.

त्याऐवजी डॉक्समधली 'व्हर्जन हिस्ट्री' उघडा. उतारा कसा वाढत गेला ते दिसतं. दोनशे शब्द एकदम अवतरले असतील तर मुलाला शेजारी बसवून विचारा, दरडावू मात्र नका. घरात एकच फोन असेल तर मूल वहीत लिहून ठेवतं आणि रात्री बाबा आले की टाइप करतं. म्हणून वहीही मागवा.