शेवटची तीन नावं आधी ठरवा

यंदा आमच्या बेळगावच्या उन्हाळी बास्केटबॉल स्पर्धेत तीन कॅप्टन नवे आहेत. इथे टीम ड्राफ्टनं ठरतात, म्हणजे कॅप्टन पाळीपाळीनं एकेक खेळाडू निवडतात. तिघांनीही मला वेगवेगळं गाठून एकच विचारलं, "अक्का, पहिला कुणाला घेऊ?" मी प्रत्येकाला उलट विचारलं, "पाचवा, सहावा, सातवा कोण, ते सांग बघू." तिघांकडेही उत्तर नव्हतं. म्हणून जे तोंडी सांगत आले ते या वेळी लिहून काढतेय.

मी उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत हिशेब बघते, राहायला वडगावात. कॉलेजात गार्ड, म्हणजे बॉल वर आणणारी, म्हणून खेळायचे, अजूनही रविवारी संध्याकाळी टिळकवाडीत खेळायला जाते. या स्पर्धेत सहा वेळा कॅप्टन झाले. दोनदा फायनलला पोचलो, एकदा जिंकलो. जिंकलो त्या वर्षी माझा सातवा खेळाडू एका बँकेत काम करणारे चव्वेचाळीस वर्षांचे काका होते. त्यांना धावता फार येत नव्हतं, पण स्पर्धेच्या चारही रविवारी ते माझ्या आधी ग्राउंडवर हजर असत. पंचेचाळीस अंशांत उभं राहून बोर्डावर आपटून बॉल घालायचे ते शांतपणे, आणि स्क्रीनला, म्हणजे आपल्या खेळाडूची वाट मोकळी करायला समोरच्याच्या आड, उभे राहिले की हलायचे नाहीत. त्यांच्याबद्दल पुढे परत सांगते.

आधी नियम. निवडीचा क्रम ठरवायला चिठ्ठ्या टाकतात त्या दिवशी नियम विचारणाऱ्या कॅप्टनचं अर्धं डोकं तिथेच अडकतं, म्हणून आठवडाभर आधी आयोजकांना गाठा. आमच्याकडे सहा टीम, प्रत्येक टीममध्ये कॅप्टन धरून आठ जण, म्हणजे ड्राफ्टमध्ये बेचाळीस नावं. क्रम सरळ की नागमोडी, हे पहिलं विचारा. सरळ क्रमात सहाव्या चिठ्ठीवाला प्रत्येक फेरीत सगळ्यांत शेवटी राहतो, तो अन्याय आहे. नागमोडी क्रमात पहिली फेरी एक ते सहा, दुसरी सहा ते एक, अशी उलटसुलट जाते. पहिली चिठ्ठी आली तर तुमच्या निवडी १, १२, १३, २४, २५, ३६, ३७. तिसरी आली तर ३, १०, १५, २२, २७, ३४, ३९. सहावी आली तर ६, ७, १८, १९, ३०, ३१ आणि अगदी शेवटचं ४२ वं नाव तुमचं. हे आकडे कागदावर आधीच मांडून ठेवा, सहाही चिठ्ठ्यांचे. टोकाची चिठ्ठी आली की जोडीनं विचार करावा लागतो, कारण दोन नावं एकापाठोपाठ घेता येतात आणि मग मधली दहा नावं दुसरे घेऊन जातात. मधली चिठ्ठी आली तर वाट कमी बघावी लागते, पण दोन नावं एकदम कधीच मिळत नाहीत.

बाकीचे प्रश्न पटापट विचारून घ्या. कॅप्टन स्वतःच तगडा खेळाडू असेल तर त्याची पहिली पाळी कापतात का? भाऊ-भाऊ किंवा नवरा-बायको एकाच टीममध्ये हवे असतील तर दुसऱ्याचं नाव कुठल्या फेरीत धरतात? कोणी दुखापतीनं बाहेर पडला तर बदली कुठून येणार? मिक्स टीम असेल तर कोर्टवर कायम किती महिला हव्यात, आणि बॉल सात नंबरचा की सहा? सहा नंबरचा बॉल लहान आणि हलका. त्यावर मुलींची पकड आणि ड्रिबल वेगळंच दिसतं, म्हणून हे कळल्याशिवाय मुलींची यादी लावू नका. दहा-बारा मुली असतील आणि प्रत्येक टीमला दोघी हव्या असतील, तर त्यातल्या पहिल्या चौघी-पाचजणी तिसऱ्या फेरीपर्यंत संपतात. "मुली काय, शेवटी घेऊ" म्हणणारे कॅप्टन मी दर वर्षी हरताना बघितलेत.

आता हजेरी. बेळगावात ड्राफ्ट इथेच जिंकला जातो.

सामना दहा-दहा मिनिटांच्या चार क्वार्टरचा. कोर्टवर पाच जण, म्हणजे एकूण दोनशे मिनिटं. आठ जण आले तर प्रत्येकाच्या वाट्याला पंचवीस. सहाच आले तर तेहेतीसच्या वर, तेही मे महिन्यातल्या उन्हात, सिमेंटच्या कोर्टवर. पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर, आणि थकलेला माणूस पायांनी बचाव करत नाही, हातांनी करतो. मग फाउल वाढतात आणि चौथ्या क्वार्टरला चौघंच उरतात. माझ्या दुसऱ्या वर्षी हेच झालं. पहिल्या पाळीला मी यादीतला सगळ्यांत उंच मुलगा घेतला. पोरगा गुणी, रिंगखाली त्याच्यापुढे कोणी टिकत नव्हतं. तो चारपैकी एकच रविवार आला. एका रविवारी गावची यात्रा, एका रविवारी मावशीचं लग्न, एकदा सेकंड शिफ्ट. त्याचा काही दोष नव्हता, मी विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून मी प्रत्येकाला ड्राफ्टच्या आधी फोन करते. "येणार का?" असं कधी विचारत नाही, कारण आपल्याकडे त्याचं उत्तर एकच: "येतो की अक्का!" मी तारखा घेऊन बसते. या रविवारी कुठे आहेस? पुढच्या रविवारी घरात लग्न आहे का? शिफ्ट कुठली? इंजिनिअरिंगच्या पोरांना परीक्षेचं वेळापत्रक विचारायचं. गणपत गल्लीत किंवा खडे बाजारात कापडाचं दुकान असलेल्यांना लग्नसराईत संध्याकाळी सुटका नसते, त्यांचे सामने सकाळचे आहेत का ते बघायचं. निपाणीहून येणाऱ्याला पंचाहत्तर किलोमीटरच्या आसपास यायचं असतं. तो बसनं येतो की कुणाच्या गाडीतून, हेही विचारा, कारण गाडीवाला दुसऱ्या टीममध्ये गेला तर याचं येणं त्याच्या वेळेवर अवलंबून राहतं. सुट्टीवर आलेला फौजी मिळाला तर दम त्याच्याइतका कुणालाच नसतो, पण सुट्टी कधी संपते ते पहिलं विचारा. नावापुढे मी चार चौकोन काढते आणि पक्क्या रविवारी बरोबरची खूण करते. चार खुणांचा साधा खेळाडू मला दोन खुणांच्या हिऱ्यापेक्षा वरचा वाटतो.

मग ग्राउंडवर जाऊन बघा. निदान दोन संध्याकाळी, वही घेऊन, न खेळता. सामन्याआधी सगळेच सुंदर शॉट मारतात, ते बघून काही कळत नाही. बॉल हातातून गेल्यावर तो काय करतो ते बघा. मान खाली घालून उभा राहतो, की वळून पळतो? शॉट सुटल्यावर नजर बॉलमागे जाते, की आधी शेजारच्याला पाठीनं अडवतो? डाव्या हातानं ड्रिबल करायची वेळ आली की गडबडतो का? आठव्या मिनिटाला हात गुडघ्यांवर जातात का? आणि बोलतो का? बोलणारा खेळाडू शेजारच्या दोघांना चांगलं खेळायला लावतो, हे गुणपत्रकात कुठेच दिसत नाही.

कोर्टही बघा. तीन पॉइंटची रेषा २०१० साली ६.२५ मीटरवरून ६.७५ वर गेली. जुन्या ग्राउंडवर रंग जुनाच असेल तर टेप लावून मोजा. अर्ध्या मीटरनं शूटरची किंमत बदलते. संध्याकाळचा पश्चिमेचा वारा आणि डोळ्यांवर येणारं ऊन यांत लांबचा शॉट भरवशाचा राहत नाही. हॉलमध्ये सराव केलेल्या शूटरला मी म्हणूनच एक फेरी उशिरा घेते आणि लेअप, म्हणजे धावत रिंगखाली जाऊन जवळून टाकायचा बॉल, पक्का असलेल्याला एक फेरी लवकर. वळीव झोडपून गेला की कोर्ट निसरडं होतं. अशा दिवशी दोन पायांवर थांबता येणारा खेळाडू लाखमोलाचा.

यादी लावताना एक ते बेचाळीस असे नंबर देऊ नका. सतरावा आणि अठरावा यांत फरक काय, यावर रात्र जाते आणि उपयोग शून्य. पायऱ्या करा. माझ्या गेल्या वर्षीच्या यादीत पहिल्या पायरीवर पाच जण होते, दुसऱ्या पायरीवर नऊ, तिसऱ्या पायरीवर बारा, चौथ्या पायरीवर सोळा. याचा फायदा ऐन वेळी कळतो. तुमची पाळी आली आणि वरच्या पायरीवर एकच नाव उरलंय, तर ते उचला, टीमला त्या जागेची गरज असो वा नसो. त्याच पायरीवर सहा नावं उरलीत, तर घाई नको. त्यांतला एक परत येताना बहुतेक मिळतो, तोवर दुसरं काहीतरी घ्या. मला सहावी चिठ्ठी आली होती. पहिल्या पायरीचे पाचही गेले, पण दुसऱ्या पायरीचे दोघं मला एका दमात मिळाले, आणि त्या दोघांची एकमेकांशी पासिंगची सवय आधीपासूनची होती.

गरज आधी की गुण आधी, यावर एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचा १९८४ चा ड्राफ्ट आठवावा. पोर्टलंडची दुसरी पाळी होती. त्यांच्याकडे जॉर्डनच्याच जागी खेळणारा क्लाइड ड्रेक्सलर आधीच होता, म्हणून त्यांनी मायकेल जॉर्डन सोडून उंच सॅम बोवी घेतला. बोवीचे कॉलेजातले दोन मोसम पायाच्या दुखापतीत गेलेले होते. तिसऱ्या पाळीवर शिकागोनं जॉर्डन घेतला. मी यातून दोन गोष्टी घेतल्या: पहिल्या दोन फेऱ्यांत जागा बघायची नाही, गुण बघायचा, आणि गुडघा-घोटा कसा आहे हे प्रत्येकाला तोंडावर विचारायचं. तिसऱ्या फेरीनंतर मात्र गरज बघायची. बॉल वर आणणारे दोघं आहेत का? रिंगखाली दोघं आहेत का? नाहीतर आठही जण तीन पॉइंटच्या रेषेवर उभे, असली टीम होते. खालच्या फेऱ्यांत आळस करणाऱ्यांना मी निकोला योकिचचं नाव सांगते. २०१४ साली तो ४१ व्या पाळीला निवडला गेला आणि पुढे तीनदा एमव्हीपी, म्हणजे एनबीएच्या मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू, झाला.

आपल्या गल्लीची टीम करू नका. शहापूरचे सगळे एकीकडे, कॅम्पातले एकीकडे, असं करायचं असतं तर ड्राफ्ट कशाला घेतला असता? भाषेचंही तसंच. माझ्या टीममध्ये मराठी, कानडी, उर्दू बोलणारे कायम असतात, आणि मला ते हवे असतात. पहिल्या सरावाला आम्ही पाच हाका ठरवतो. "स्विच" (आपापला माणूस बदला), "हेल्प" (मदतीला या), "बॉक्स" (शॉट सुटला, शेजारच्याला पाठीनं अडवा) या सगळ्यांच्या. पाठीमागून कोणी येतंय हे सांगायला "हिंदे", आणि पास मागायला "कोडू". ही कानडी हाक आमच्या मराठी पोरांच्या तोंडात इतकी बसली की घरी जेवताना आईकडे भाकरीसुद्धा "कोडू" म्हणून मागतात. ऐन धावपळीत दोन अक्षरांची हाक लागते, ती कुठल्या भाषेतली हे कोर्टवर कुणी बघत नाही.

ड्राफ्टच्या संध्याकाळी पोटभर खाऊन जा. यादी छापून न्या, मोबाईलवर ठेवू नका, शेजारचा वाकून बघतो. सोबत एक माणूस हवा, ज्याचं काम फक्त गेलेल्या नावांवर रेघ मारणं. मी माझ्या पुतणीला नेते. ती गप्प बसते आणि तिचं अक्षर सुवाच्य आहे. पाळीला एक मिनिट असतं, म्हणून तुमच्या आधी दोन जणांची पाळी असतानाच तीन नावं ठरवून ठेवा. कोणी तुमचं नाव उचललं तर चेहरा पाडू नका, पुढच्या पाळीला घाई होते. दुसऱ्याच्या निवडीवर हसू तर अजिबात नका. ज्याच्यावर हसाल तो कुणाचा तरी भाऊ असतो, आणि बेळगाव एवढं मोठं नाही.

आयोजकांकडे एक आग्रह मी दर वर्षी धरते आणि तुम्हीही धरा. शेवटच्या दोन फेऱ्या खेळाडूंसमोर नकोत. आत बसून, दार लावून, फक्त कॅप्टन. बाहेर याद्या लागतील त्या अकारविल्हे, कोण कितव्या पाळीला गेला हे कुठेही लिहायचं नाही. शाळेत कबड्डीच्या टीम पाडताना मी शेवटी उरायचे. दोन्ही बाजूंचे कॅप्टन "तू घे, तू घे" म्हणायचे. ते मी अजून विसरलेले नाही, आणि माझ्या ग्राउंडवर ते कुणाच्या वाट्याला येऊ देणार नाही. बेचाळीसावं नावसुद्धा कुणीतरी ठरवून, विचार करून घेतलेलं असलं पाहिजे.

म्हणून घरी आल्यावर फोन शेवटाकडून सुरू करा. पहिल्या निवडीला कळलेलंच असतं. त्या वर्षी मी बँकेतल्या काकांना सगळ्यांत आधी फोन केला आणि सांगितलं की चारही रविवार मोकळे असलेले माझ्या यादीत तुम्ही पहिले होता, आणि दुसऱ्या क्वार्टरची पहिली पाच मिनिटं तुमची. काका जरा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरं, मग सरावाला किती वाजता येऊ?" मी साडेपाच सांगितलं. ते सव्वापाचला आले होते, आणि कोर्टवर पडलेली वाळू झाडूनं काढत होते.